एकोणीस दिवस आणि आमचे पाच

मुलाकडे लीड्सला जायची ही आमची तिसरी खेप. लंडन, लेक डिस्ट्रिक्ट, आउटलेटमधली खरेदी, सगळं आधीच उरकलेलं. तेव्हा या वेळी ह्यांनी जेवायच्या टेबलावर जाहीर केलं, "आपण एका राजाच्या मागे मागे जायचं." आमचे हे गडकिल्लेवाले. पन्हाळा ते विशाळगड चारदा चाललेले. मी बँकेतली, मला सनावळ्यांपेक्षा हिशेब बरा समजतो. पण ह्या राजाची गोष्ट तारखांच्या आणि अंतरांच्या हिशेबाचीच निघाली, म्हणून मीही रमले.

गोष्ट थोडक्यात अशी. इंग्लंडचा राजा एडवर्ड 5 जानेवारी 1066 ला निपुत्रिक वारला आणि दुसऱ्याच दिवशी त्याचा मेव्हणा हॅरल्ड गॉडविन्सन याने स्वतःला राज्याभिषेक करून घेतला. गादीवर आणखी दोघांचा डोळा होता. एक नॉर्वेचा राजा हारल्ड हार्ड्राडा आणि दुसरा समुद्रापलीकडच्या नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम. एकाच शरदात दोघेही चालून आले, एक उत्तरेला आणि एक दक्षिणेला. हॅरल्डने पहिल्याला 25 सप्टेंबरला गाडलं आणि दुसऱ्याने त्याला 14 ऑक्टोबरला. मध्ये फक्त एकोणीस दिवस. आम्ही ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तो रस्ता उत्तरेकडून दक्षिणेकडे केला, आगगाडीने, पाच दिवसांत.

दिवस पहिला, बुधवार: यॉर्क

लीड्सहून यॉर्क अर्ध्या तासाच्या आत. बॅगा खोलीत टाकल्या आणि आधी योर्विक बघून घेतलं. कॉपरगेटच्या उत्खननात सापडलेलं व्हायकिंग यॉर्क तिथे पुन्हा उभं केलंय, आणि छोट्या डब्यात बसवून त्यातून फिरवतात. घरं, बाजार, कातडी कमावणारे, संडाससुद्धा. वासही मुद्दाम सोडलेत. मी पदर नाकाला लावणार तर लक्षात आलं, अंगावर जॅकेट आहे.

संध्याकाळी फुलफर्डला गेलो. यॉर्कच्या दक्षिणेला, शहराला चिकटूनच. 20 सप्टेंबरला इथे पहिली लढाई झाली. हार्ड्राडाची सुमारे तीनशे जहाजं हंबरच्या मुखातून ऊझ नदीत शिरून रिकलपर्यंत आली होती. एडविन आणि मॉरकार या दोघा भाऊ-सरदारांनी त्यांना ओढ्याकाठी अडवलं आणि सपाटून मार खाल्ला. यॉर्कने दरवाजे उघडले. आता त्या जर्मनी बेक नावाच्या ओढ्याच्या परिसरात नव्या घरांची वसाहत झाली आहे. विटांची नीटनेटकी घरं, दारात कचऱ्याचे डबे. रणभूमी कुठली म्हणून कुत्रा फिरवणाऱ्या एका बाईंना विचारलं तर त्यांनी आपल्या मागे, पुढे आणि पायाखाली अशी तीनदा बोटं दाखवली.

टीप: दोघंच फिरणार असाल तर 'टू टुगेदर' रेलकार्ड काढा, तिकिटात एक तृतीयांश सूट मिळते. फक्त सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आत ते चालत नाही. म्हणजे सावकाश चहा पिऊन निघायचं.

दिवस दुसरा, गुरुवार: स्टॅमफर्ड ब्रिज

यॉर्कहून पूर्वेला साधारण 11 किलोमीटर, बसने जाता येतं. रात्रभर पाऊस पडून गेला होता. डरवेंट नदी तांबूस-तपकिरी, दोन्ही काठांना चिकटून वाहत होती. गावातला आजचा दगडी पूल 1727 चा, एका वेळी एकाच बाजूची वाहनं जातील एवढा, म्हणून दोन्ही टोकांना सिग्नल. लढाईतला पूल लाकडी होता आणि थोडा दूर होता असं म्हणतात. पण बघणारा याच पुलावर थांबतो, आम्हीही थांबलो.

इथे जरा मागचं सांगायला हवं, नाहीतर हॅरल्डचं काय कौतुक ते कळणार नाही. तो सगळा उन्हाळा दक्षिण किनाऱ्यावर विल्यमची वाट बघत बसला होता. सैन्यात त्याचे पगारी परशूधारी हुजरे थोडे, बाकी सगळे शेतकरी. सप्टेंबर उजाडला, शिधा संपला, सुगी तोंडावर आली. 8 तारखेला त्याला सैन्य घरी सोडावं लागलं. आपल्याकडे पिकं घरात आली की दसऱ्याला सीमोल्लंघन, इथे पिकासाठी पहारा उठला. आणि नेमकी तेव्हाच उत्तरेची बातमी आली. त्याने लंडनपासून यॉर्कशायरपर्यंतचे जवळपास 300 किलोमीटर चारेक दिवसांत कापले. ह्यांचं म्हणणं, पायदळाला हे शक्य नाही, घोडे असणारच, नाहीतर टाचा उरल्या नसत्या. माझा हिशेब दिवसाला 75 किलोमीटरचा आला आणि मी गप्प बसले.

हार्ड्राडा स्टॅमफर्ड ब्रिजला आला होता तो यॉर्ककडून ओलीस ठेवून घ्यायला. दिवस गरम होता. नॉर्वेजियन गाथा सांगतात की त्याच्या माणसांनी चिलखतं रिकलला जहाजांवरच ठेवली होती. समोरून धुळीचा लोट दिसला तेव्हा उशीर झाला होता. हार्ड्राडाच्या बाजूला कोण होतं? खुद्द हॅरल्डचा सख्खा भाऊ टॉस्टिग. आदल्या वर्षी नॉर्थम्ब्रियाची सरदारकी गेली म्हणून रुसून शत्रूला मिळालेला. भाऊबंदकी काही आपल्यापुरती नाही. गाथेत अशी गोष्ट आहे की लढाईआधी एक स्वार पुढे आला आणि टॉस्टिगला म्हणाला, परत ये, सरदारकी मिळेल. टॉस्टिगने विचारलं, आणि माझ्या दोस्ताला, नॉर्वेच्या राजाला काय देणार? उत्तर आलं, सात फूट जमीन, किंवा तो इतरांपेक्षा जेवढा उंच आहे तेवढी जास्त. तो स्वार म्हणजे हॅरल्ड स्वतःच. संध्याकाळपर्यंत हार्ड्राडा आणि टॉस्टिग दोघेही पडले. तीनशे जहाजांतून आलेल्या फौजेतले जे उरले ते चोवीस जहाजांत मावले.

दुपारी पबमध्ये शिरलो. कोपऱ्यातले एक आजोबा आमचं मराठी ऐकून आमच्याकडेच बघत होते. कुठून आलात, इथवर कशाला, असं सुरू झालं आणि मग त्यांनी त्यांच्या गावाची खरी गोष्ट सांगितली. लढाईच्या सुरुवातीला पुलावर एकच नॉर्वेजियन उभा राहिला. हातात लांब दांड्याची कुऱ्हाड. सगळं इंग्लिश सैन्य त्याने एकट्याने खोळंबून ठेवलं, मागच्यांना रांगा लावायला वेळ मिळावा म्हणून. शेवटी एक जण डुकरांना खाणं घालायच्या लाकडी टपात बसून पुलाखाली गेला आणि फळ्यांच्या फटीतून त्याने वर भाला खुपसला.

हे माझ्याकडे बघायला लागले. मला कळलं काय येणार ते.

"अगं, पावनखिंड!"

मग आजोबांना बाजीप्रभूंची गोष्ट सांगणं आलंच. ह्यांनी मिठाची बाटली पन्हाळा केली, व्हिनेगरची विशाळगड आणि मध्ये दोन काटे आडवे ठेवून खिंड. 1660, रात्रीचा पाऊस, गजापूरची खिंड, तोफांचे आवाज. आजोबांनी मन लावून ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे तुमचा माणूस तुमच्याच बाजूचा होता तर." हे क्षणभर थबकले. खरंच की. इथला बाजीप्रभू परक्या बाजूचा, चालून आलेल्यांचा. तरी गाव कौतुक त्याचंच सांगतं. पूर्वी त्या टपाच्या आकाराची पेअर भरलेली पेस्ट्रीसुद्धा गावच्या उत्सवात करत, असं आजोबा म्हणाले. आम्हाला ती काही मिळाली नाही. मी चीज टोस्ट घेतला आणि ह्यांनी यॉर्कशायर पुडिंग. पुडिंग म्हणून गोड समजून मागवलं होतं, आली ती रश्श्यात बुडालेली टम्म फुगलेली वाटी. संपवलं मात्र.

स्मारकाचा दगड गावातच आहे, इंग्रजी आणि नॉर्वेजियन दोन्ही भाषांत. दोन्हीकडच्यांची नोंद एकाच दगडावर, हे मला आवडलं. नदीकाठी जुन्या रेल्वेचा पूलही आहे, त्यावरून चालत जाता येतं. बूट जलरोधक हवेत, माझे नव्हते.

दिवस तिसरा, शुक्रवार: लंडन आणि वॉल्थम ॲबी

यॉर्क ते किंग्ज क्रॉस दोन तास. याच रस्त्याने हॅरल्ड उलटा पळाला. 28 सप्टेंबरला विल्यम पेव्हन्सीला उतरला. विजयाचा शीण उतरायच्या आत बातमी आली असणार.

वेस्टमिन्स्टर ॲबी आम्ही बाहेरूनच पाहिली, आतलं मागच्या खेपेला झालं होतं. त्या एका वर्षात इंग्लंडने तीन राजे पाहिले आणि विल्यमचा राज्याभिषेक नाताळच्या दिवशी इथेच झाला, एवढं आठवून पुढे निघालो. दुपार वॉल्थमसाठी राखून ठेवली होती.

लंडनच्या उत्तरेला वॉल्थम क्रॉस स्टेशन, तिथपर्यंत नेहमीचं कॉन्टॅक्टलेस कार्ड चालतं. पुढे बस, नाहीतर अर्धा तास पायी. रस्ता रुक्ष आहे, बस घ्या. वॉल्थम ॲबीचं चर्च हॅरल्डने राजा होण्याआधीच नव्याने बांधून घेतलं होतं, 1060 मध्ये ते अर्पण झालं. उत्तरेकडून दक्षिणेला जाताना तो इथे थांबून प्रार्थना करून गेला असं सांगतात. आजचं चर्च त्याच्या नंतरचं. आत जाडजूड नॉर्मन खांब, त्यांवर नागमोडी खाचा, आणि वर छतावर चक्क बारा राशी रंगवलेल्या. मी मान मोडेपर्यंत आमच्या दोघांच्या राशी शोधत होते.

चर्चच्या मागे, बाहेर गवतात एक साधा दगड आहे. हॅरल्ड, इंग्लंडचा राजा, मृत्यू 1066. जुन्या चर्चची वेदी इथवर होती, म्हणून ही जागा. पण तो खरंच इथे आहे का, यावर एकमत नाही. लढाईनंतर प्रेत इतकं छिन्नभिन्न होतं की त्याची सखी एडिथ, जिला हंसमानेची एडिथ म्हणतात, तिने फक्त तिलाच ठाऊक असलेल्या खुणांवरून ओळखलं. त्याच्या आईने, गिथाने, प्रेताच्या वजनाइतकं सोनं देऊ केलं. विल्यमने नाही म्हटलं. गिथाचा विचार करत मी दगडापाशी बराच वेळ उभी होते. त्या तीन आठवड्यांत तिचे चार मुलगे गेले, आणि त्यातला एक दुसऱ्याच्या विरुद्ध लढताना.

चर्चमध्ये सेवा करणाऱ्या एक बाई बाहेर आल्या. त्यांनी आम्हाला आत बोलावून चहा पाजला आणि एक नवीनच सांगितलं: हॅरल्ड मेलाच नाही, जखमी होऊन निसटला आणि म्हातारपणी चेस्टरला साधू होऊन राहिला, अशीही एक जुनी कथा आहे. मी ह्यांना म्हटलं, "म्हणजे आपल्या भाऊसाहेबांसारखंच झालं." पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण लोकांचा विश्वास बसेना आणि पुढे तोतया उभा राहिला. हे त्या बाईंना इंग्रजीत समजावताना ह्यांची त्रेधा उडाली, तोतयाला शब्द सापडेना. त्यांनी मात्र आमचा पत्ता मागून घेतला, नाताळला कार्ड पाठवीन म्हणाल्या.

दिवस चौथा, शनिवार: पेव्हन्सी

समुद्रकिनाऱ्याच्या हेस्टिंग्जला दोन रात्रींची खोली घेतली. तिथून पेव्हन्सीला लोकल गाडी. पेव्हन्सी अँड वेस्टहॅम स्टेशनवरून किल्ला चालत दहा मिनिटांवर.

किल्ल्याचा बाहेरचा कोट रोमन, म्हणजे विल्यम आला तेव्हाच सातशे वर्षांचा जुना. त्याने आयत्या भिंतीच्या आत आपली छावणी टाकली. आम्ही वर चढून समुद्र शोधायला लागलो तर समोर गवत, मेंढ्या आणि कुंपणं. समुद्र दीडेक किलोमीटर मागे सरकलाय, तेव्हा लाटा कोटाजवळ येत होत्या. बोटीतून उतरताना विल्यम पालथा पडला, माणसं हबकली, तर हा मूठभर माती उचलून म्हणे, बघा, इंग्लंड दोन्ही हातांनी धरलंय. खरं खोटं देव जाणे, पण पडल्यावर सावरून घेण्याची ही रीत घरोघरी असते. गंमत म्हणजे 1940 मध्ये पुन्हा स्वारीची भीती होती, तेव्हा याच पडक्या भिंतींत दगडांच्या आड मशीनगनच्या जागा लपवल्या होत्या. त्या शोधायच्या नादात ह्यांनी किल्ल्याला तीन फेऱ्या घातल्या.

वारा असा की छत्री उघडणं हा मूर्खपणा. जेवण बाकावर बसून, घरून आणलेली दशमी आणि शेंगदाण्याची चटणी. एक सीगल मला खुन्नस देत शेवटपर्यंत समोर उभा होता.

टीप: पेव्हन्सी आणि उद्याची रणभूमी दोन्ही इंग्लिश हेरिटेजकडे आहेत. परदेशी पाहुण्यांसाठी त्यांचा 9 किंवा 16 दिवसांचा पास असतो. आणखी एखादं ठिकाण बघणार असाल तर तिकिटाशी तुलना करून बघा.

दिवस पाचवा, रविवार: बॅटल

पहिली टीप आधीच देते: 14 ऑक्टोबरची ती हेस्टिंग्जची लढाई हेस्टिंग्जला झाली नाही. ती झाली तिथून दहाएक किलोमीटर आत, आणि त्या जागी वसलेल्या गावाचं नावच बॅटल. दुसरी टीप: रविवारी रूळदुरुस्ती असते. आमची गाडी रद्द, बदली बस स्टेशनच्या कुठल्या बाजूला येणार हे तिथल्या कुणालाच माहीत नाही. थंडीत पन्नास मिनिटं. फलकावर दाखवत होते उजवीकडे, बस आली डावीकडे, आणि आम्ही पंधरा-वीस जण बॅगा घेऊन धावलो.

बॅटलच्या मुख्य रस्त्याच्या टोकाला 1338 चा भव्य दरवाजा. आत मठाचे अवशेष. एवढी माणसं मारल्याचं प्रायश्चित्त म्हणून विल्यमने तो बांधला, आणि हुकूम दिला की मुख्य वेदी हॅरल्ड पडला तिथेच हवी. टेकडीच्या माथ्यावर, उताराच्या काठावर एवढं मोठं बांधकाम करणं अडचणीचंच, पण तो हटला नाही. मठ आठव्या हेन्रीच्या काळात गेला. वेदीही गेली. आता मोकळ्या हिरवळीत जमिनीसपाट एक शिळा आहे. तिच्यावर राखाडी-पिवळी शेवाळाची नक्षी, अक्षरांच्या खाचांत पावसाचं पाणी. कडेला कुणीतरी पिवळ्या शेवंतीसारख्या फुलांचा जुडगा ठेवला होता, सुपरमार्केटच्या किमतीच्या चिठ्ठीसकट. साडेनऊशे वर्षांनंतर कुणाला वाटलं असेल?

बाण डोळ्यात लागून तो मेला असं सगळ्यांना माहीत असतं. ते चित्र फ्रान्समधल्या बायू गावच्या, ही सगळी गोष्ट भरलेल्या लांबलचक कापडावरून आलंय, आणि तिथेही बाणवाला माणूस हॅरल्ड की शेजारचा तलवारीने पाडलेला, यावर वाद आहे. मूळ कापड साधारण 70 मीटर लांब, लोकरीने केलेलं भरतकाम. मागच्या खेपेला आम्ही रेडिंगच्या संग्रहालयात त्याची नक्कल पाहिली होती. 1885-86 मध्ये लीक गावच्या बायकांनी ती भरली. मुळात काठावर काही उघडी माणसं आहेत, नकलेत त्यातल्या एकाला बिचारीने चड्डी शिवून दिलीय. ते कापड बघताना मी तीच शोधत होते.

मग रणभूमीची फेरी. वर कडेला इंग्लिश फौज ढालीला ढाल लावून उभी, खाली दलदलीच्या बाजूला नॉर्मन: तिरंदाज, पायदळ आणि घोडदळ. सकाळी नऊच्या सुमारास सुरू झालेली लढाई अंधार पडेपर्यंत चालली. त्या काळात लढाया तासा-दोन तासांत आटपत. ढालींची ती भिंत दिवसभर फुटेना. विल्यम मेल्याची आवई उठली तेव्हा त्याला शिरस्त्राण वर करून तोंड दाखवावं लागलं. पण नॉर्मन मागे पळाले, काही वेळा खरे आणि काही वेळा मुद्दाम, की इंग्लिश माणसांना राहवत नसे. ते पाठलाग करत खाली उतरत आणि सपाटीवर घोड्यांच्या तावडीत सापडत. भिंत विरळ होत गेली. दोन भाऊ, गर्थ आणि लिओफवाइन, हॅरल्डबरोबरच पडले.

माझं मत विचाराल तर हा माणूस घाईने जिंकला आणि घाईनेच हरला. लंडनमध्ये आणखी आठ दिवस थांबला असता, तर उत्तरेहून मागे राहिलेले आणि गावोगावचे लोक येऊन मिळाले असते, आणि विल्यमला परक्या मुलुखात शिध्याची पंचाईत झाली असती. ह्यांचं म्हणणं उलट. विल्यम हॅरल्डच्याच ससेक्समधली, त्याच्या घरच्या मुलुखातली गावं जाळत होता, थांबणारा राजा कसला? स्टॅमफर्ड ब्रिजला जे जमलं तेच पुन्हा करायला तो धावला. आम्ही हा वाद उताराच्या मधोमध उभं राहून घातला, मेंढ्या साक्षीला.

शेवटी ह्यांनी पैज लावली. "तू वर कडेला उभी राहा, तू हॅरल्ड. मी नॉर्मन. किती वेळात चढतो बघ." वय वर्षं त्रेसष्ट, पाठीवर सॅक. मी वर उभी राहिले. वरून उतार फार वाटत नाही, पण खालून येणारा माणूस हळूहळू वाकत जातो, हे तिथे उभं राहूनच कळतं. ओल्या गवतात पाय रुतत होते. मी घड्याळ लावलं. पहिल्यांदा हे निम्म्यावर दम लागून थांबले, हात वर करून 'अजून हरलो नाही' असं दाखवलं, मागे फिरून पुन्हा सुरुवातीपासून निघाले. दुसऱ्यांदा बरेच वर आले आणि एकदम घसरून पालथे पडले. उठेनात.

"अहो!" म्हणून मी काठी टाकली आणि उतारावरून धावत सुटले. निम्म्याच्या खाली पोचले, तोवर हे चिखलातून मान वर करून हसत होते.

"सोडलीस ना जागा?"